रजिस्टर पाचचं नाव

ओळ ३४० पर्यंत रजिस्टर पाचमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या आकडे ठेवायच्या पाच नंबरच्या खणात, टेबलाचा पत्ता असतो. ४१२ व्या ओळीवर तो जातो आणि हप्त्यांची संख्या तिथे येऊन बसते. सहाशेच्या पुढे कुठेतरी तीही उठते, आणि एका सबरूटीनमधून (पोटप्रोग्रॅममधून) परत आलेलं काहीतरी तिथे मुक्कामाला येतं. ‘काहीतरी’ म्हणते, कारण पहिले तीन दिवस ते काय आहे हे मला खरंच कळलं नव्हतं. शेजारच्या स्क्रीनवर कोबॉलची कोरी डेटा डिव्हिजन (जिथे प्रत्येक फील्ड, म्हणजे माहितीची प्रत्येक जागा, नाव देऊन जाहीर करायची) उघडी होती, आणि त्या ‘काहीतरी’ला नाव काय द्यायचं इथे माझं घोडं अडलं होतं.

काम सांगायला सोपं. मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या अजस्र संगणकावर, वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेले असेंब्लरमधले (यंत्राला एकेक सूचना द्यायच्या भाषेतले) काही प्रोग्रॅम कोबॉलमध्ये आणायचे. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो आणि मग विचारतो, “म्हणजे आगीतून फुफाट्यात?” त्याचं फारसं चुकत नाही. इतक्या नव्या भाषा असताना एका जुन्यातून उठून दुसऱ्या जुन्यात कशाला जायचं? त्यातून गंमत अशी की दोघांत वयाने कोबॉलच मोठी. तिची आखणी १९५९ मध्ये सुरू झाली. १९६० च्या डिसेंबरात, किरकोळ फरक सोडले तर एकच प्रोग्रॅम आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २ अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला, आणि तेव्हा ते मोठं अप्रूप होतं. मी ज्या असेंब्लरशी झटापट करत होते तो आयबीएमच्या सिस्टिम/३६० च्या घराण्यातला. ते यंत्र जाहीर झालं ७ एप्रिल १९६४ ला. म्हणजे आमचा प्रवास धाकट्याकडून थोरलीकडे चालला होता.

यंत्राची यात काही तक्रार नव्हती. ३६० साठी लिहिलेला प्रोग्रॅम ३७० वर चालावा, पुढे २००० साली आलेल्या ६४ बिटांच्या झेड आर्किटेक्चरवरही चालावा, याची आयबीएमने निगुतीने काळजी घेतली आहे. यंत्र काहीच विसरलेलं नाही. अडचण वाचणाऱ्यांची. आमच्या टीममध्ये कोबॉल येणारे अकरा जण होते आणि असेंब्लर येणारे दीड. त्यातले एक म्हणजे टीमभर सगळे ज्यांना काका म्हणायचे ते. अर्धी मी. काकांची निवृत्ती वर्षावर आली होती, आणि हा सगळा खटाटोप खरं तर त्या एका तारखेमुळे सुरू झाला होता.

पहिल्याच दिवशी मी लिस्टिंग वरपासून खालपर्यंत वाचायला घेतली तेव्हा ते म्हणाले, “अगं, हा वाचायचा नसतो. कागद घे, सोळा चौकोन काढ आणि हाताने चालवून बघ.”

सोळा चौकोन म्हणजे सोळा रजिस्टर, शून्य ते पंधरा. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण तेरामध्ये सेव्ह एरियाचा (रजिस्टरांतले जुने आकडे जपून ठेवायच्या जागेचा) पत्ता, चौदामध्ये परतीचा, पंधरामध्ये ज्याला हाक मारायची त्या रूटीनचा. एकमध्ये पॅरामीटरची यादी. शून्य पत्त्यासाठी वापरताच येत नाही. बारा हा बेस रजिस्टर, कारण या यंत्रात प्रत्येक जागा ‘अमुक रजिस्टरपासून इतके बाइट पुढे’ अशी सांगावी लागते, आणि ‘इतके’साठी जागा बारा बिटांचीच. म्हणजे एका बेस रजिस्टरची नजर ४०९६ बाइटपर्यंत पोचते. प्रोग्रॅम त्याहून वाढला की दुसरा बेस लागतो. मग अकरा गेला. आणखी वाढला, दहा गेला. उरलेल्या सात-आठांवर अख्खा संसार. त्यात पाच नंबरच्या वाट्याला दिवसातून तीन नोकऱ्या आल्या तर नवल नाही.

आणि मुळात असेंब्लर का, याचंही उत्तर तिथेच आहे. ३६० च्या घराण्यातलं लहान यंत्र, मॉडेल ३०, आठ ते चौसष्ट किलोबाइट मेमरीत चालायचं. आज एका साध्या फोटोलासुद्धा ती पुरणार नाही. त्या माणसांनी बाइट-बाइट वाचवला तो हौस म्हणून नाही. पुढे मेमरी वाढली, पण सवय, आणि त्याहून जास्त ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा’ हा जगभर मान्य असलेला नियम, यांनी ते प्रोग्रॅम जिवंत ठेवले.

त्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच सोळा ओळी होत्या. ‘आर० म्हणजे ०’, ‘आर१ म्हणजे १’, अशा ओळीने ‘आर१५ म्हणजे १५’. असेंब्लर लिहिणारे बहुतेक सगळेच अशा ओळी घालतात. म्हणजे नाव द्यायची सोय होती आणि नाव म्हणून दिला तो नंबरच. मला आधी हे हास्यास्पद वाटलं. मग पटलं. ज्याचं काम दर दोनशे ओळींनी बदलतं त्याला ‘हप्ते’ म्हणून हाक मारली तर तेच खोटं ठरेल.

कोबॉलचं सगळं उलट. तिथे प्रत्येक चीजवस्तूला नाव लागतं. फील्डला, पॅराग्राफला (म्हणजे सूचनांच्या एका तुकड्याला), फील्डमधल्या एखाद्या खास किमतीलासुद्धा. आणि नाव लांबलचक असायला तिची हरकत नाही. जुन्या असेंब्लरमध्ये लेबलाला आठ अक्षरं मिळायची, कोबॉल तीस देते. तीस अक्षरांत काहीतरी अर्थाचं लिहिणं भाग पडतं. भाषांतर करताना माझी बोटं कुठे थांबायची यावर मी पुढे लक्ष ठेवायला लागले. सूचना कळली नाही म्हणून फारच क्वचित थांबायची. त्यासाठी मॅन्युअल आहे, आणि ते उत्तम आहे. थांबायची ती दर वेळी नाव टाइप करताना.

सोप्या भागावर फार बोलण्यासारखं नाही. एमव्हीसी म्हणजे मूव्ह, एपी म्हणजे ॲड, सीएलसी आणि त्याच्या पाठोपाठची उडी म्हणजे इफ, डीसेक्ट, म्हणजे नोंदीचा आराखडा, तो इथे कॉपीबुक. दिवसाला तीनशे ओळी सहज. पण त्या सोप्यातही काही जागा अशा की शब्दाला शब्द ठेवला की फसलात. छापायच्या ओळीत आधी पहिल्या बाइटमध्ये एक ब्लँक ठेवायचा, आणि मग तीच ओळ एका घराने सरकवून स्वतःवरच कॉपी करायची. एमव्हीसी डावीकडून उजवीकडे एकेक बाइट नेते, त्यामुळे पहिला ब्लँक दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर असा पसरत जातो आणि दोन सूचनांत १३२ घरं पुसली जातात. हेच कोबॉलमध्ये जसंच्या तसं लिहिलं, तर स्वतःवरच चढणाऱ्या मूव्हचं काय होईल याची भाषा हमी देत नाही. लिहायचं असतं एवढंच, की ओळीत स्पेसेस भर. युक्ती टाकून द्यायची आणि हेतू ठेवायचा.

(रिटर्न कोड, म्हणजे काम कसं झालं ते परत येताना सांगणारे आकडे, शून्य, चार, आठ, बारा असे चारच्या पाढ्यात का असतात, हे कोड रोज बघूनही मी कधी विचारलं नव्हतं. उडीची सूचना चार बाइटांची. परत आल्यावर रजिस्टर पंधरातला आकडा सरळ पत्त्यात मिळवला की उड्यांच्या यादीतल्या बरोबर त्या ओळीवर पाय पडतो. कुठल्याशा दुपारी काकांनी हे सहज सांगितलं आणि मला त्या दिवशी दुसरं काही सुचेना.)

पंधराचाच आणखी एक किस्सा मेनफ्रेमवाल्यांत चालतो. आयईएफबीआर१४ नावाचा एक प्रोग्रॅम आयबीएमने दिला आहे, त्याचं काम काहीही न करणं. आला तसा परत जायचं, बस. जॉबमधून फाइली तयार करायला आणि उडवायला त्याचा उपयोग होतो. तो मुळात एका सूचनेचा होता, ‘चौदाच्या पत्त्यावर परत जा’. आणि त्या एका ओळीतही चूक निघाली. निघताना पंधरा शून्य करायचं राहिलं होतं, त्यामुळे रिटर्न कोड म्हणून तिथला कचरा बाहेर जायचा. दुरुस्ती म्हणून आणखी एक सूचना घातली गेली. आपण एकूण दोन हजार ओळींच्या प्रोग्रॅमला हात घातला आहे, हे अधूनमधून स्वतःला सांगायला हा किस्सा मला बरा पडायचा.

आता माझी चूक. दुसऱ्या आठवड्यात मी एका चाळीस ओळींच्या तुकड्याचं फार मन लावून भाषांतर केलं. दोन किमती सारख्या असल्या तर पुढे उडी, नसल्या तर उशिराच्या आकारणीची तपासणी. ती तपासणी गुंतागुंतीची होती, आत तीन पोटअटी होत्या. पॅराग्राफला सुरेख नाव दिलं, अटींना ८८ लेव्हलची, म्हणजे खास किमतींना द्यायची, नावं दिली. काकांना दाखवलं. त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि विचारलं, “लोड मॉड्यूलशी ताडून बघितलंस?”

नव्हतं बघितलं. प्रत्यक्षात चालतो तो लोड मॉड्यूल, यंत्रभाषेत उतरलेला. लायब्ररीतला सोर्स हा आपण मानतो तो त्याचा मजकूर. दोन्ही एकच आहेत हे गृहीत धरायचं नसतं, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि आधी करणं यांत माझ्याकडून एका आठवड्याचं अंतर पडलं. सोर्स पुन्हा असेंबल केला आणि निघालेला कोड चालत्या मॉड्यूलशी बाइटला बाइट लावून पाहिला. सगळं जुळलं. फक्त एक बाइट सोडून. सोर्सप्रमाणे तिथे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या अंकांत, ४७८० हवं होतं, म्हणजे ‘सारखे असतील तर उडी मार’. मॉड्यूलमध्ये होतं ४७एफ०, म्हणजे ‘काहीही असो, उडी मार’. आठाच्या जागी एफ. अर्धा बाइट.

माझ्या त्या चाळीस ओळींवरून वर्षानुवर्षं कुणी चालतच गेलं नव्हतं.

कुणीतरी कधीतरी सुपरझॅप वापरून थेट मॉड्यूलमध्ये तो आकडा बदलला होता आणि सोर्स तसाच राहिला होता. “रात्री दोन वाजताचं काम आहे हे,” काका म्हणाले. “जॉब पडला असणार, सकाळपर्यंत निघायला हवा असणार. सोर्स उद्या बदलू म्हणाले असतील.” त्या उद्याचं काय झालं हे समोर दिसतच होतं. मी तो पॅराग्राफ उडवला. नाव मात्र चांगलं होतं.

अर्थात ती उडी कायमची असावी का तात्पुरती, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर कोडमध्ये मिळत नाही. आम्ही नियम केला: जे चालतंय ते खरं. सोर्समधला मजकूर ही साक्ष, निकाल नव्हे.

असेंब्लरमध्ये तशा चालू प्रोग्रॅमनेच स्वतःला खोडून लिहायच्या जागाही असतात. पहिल्यांदा तिथून जाताना उडीच्या सूचनेत शून्य असतं, म्हणजे उडी नाही. हेडिंग छापलं की प्रोग्रॅम आपल्याच त्या सूचनेत एफ लिहितो, आणि पुढच्या वेळेपासून तीच ओळ कायमची उडी होते. आठवण ठेवायला वेगळी जागा लागत नाही, रस्ताच बदलून टाकला की झालं. कोबॉलमध्येही हे करता यायचं, ऑल्टर नावाचं क्रियापद होतं. त्याने इतक्या जणांना इतका मनस्ताप दिला की १९८५ च्या मानकाने त्याला कालबाह्य ठरवलं आणि २००२ च्या मानकातून ते गेलंच. मी तिथे साधा ‘हेडिंग छापून झालं’ असा झेंडा, म्हणजे हो-नाही सांगणारं फील्ड, केला. पुन्हा नाव. आधी जी गोष्ट नुसती घडत होती तिला आता नाव मिळालं आणि एका ओळीत सगळ्यांना कळली.

हे सगळं यंत्राकडूनच करून घेता येत नाही का, असं कुणीही विचारेल. येतं. असेंब्लरचं कोबॉल करून देणारी साधनं आहेत. आम्ही एक लावून पाहिलं आणि त्याने दोन मिनिटांत दोन हजार ओळींच्या साडेपाच हजार करून दिल्या. चालल्याही. त्यात एक फील्ड होतं, त्याचं नाव ‘रजिस्टर-५’. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळे गो टू त्याच क्रमाने, सगळ्या कसरती त्याच. बोली बदलली, माणूस तोच. अशा आउटपुटचा एक उपयोग मात्र पक्का: आपण हाताने केलेलं ताडून बघायला. त्याला शेवटचा माल समजून सोडून देणं म्हणजे पुढच्या माणसाच्या गळ्यात दुसरं कोडं बांधणं. तेही असं, की वरवर कोबॉलसारखं दिसतं म्हणून त्याला आपल्याला येतंय असं वाटेल.

नावांचा सगळ्यात जास्त छळ पॅक्ड डेसिमलने केला. या यंत्रात रकमा बहुधा तशाच ठेवतात. प्रत्येक आकड्याला अर्धा बाइट आणि शेवटच्या अर्ध्यात चिन्ह, सी म्हणजे धन, डी म्हणजे ऋण. पहिली चाचणी लावली आणि कोबॉलचा प्रोग्रॅम सॉक सेव्हनने आपटला. आकड्याच्या जागी आकडा नसला की हा ॲबेंड (प्रोग्रॅम मध्येच बंद पडणं) येतो. डंप, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीचा उतारा, उघडला. चार बाइटांच्या त्या फील्डमध्ये ४०४०४०४०. म्हणजे चार ब्लँक. शेवटच्या अर्ध्यात शून्य, आणि शून्य हे चिन्ह होऊ शकत नाही.

असेंब्लरचा प्रोग्रॅम याच फाइलवर रोज चालत होता, तो का आपटत नव्हता? कारण त्यात आधी हे चार बाइट ब्लँकशी ताडून बघितले होते आणि ब्लँक असले तर बेरीज टाळली होती. मी ते वाचलं होतं. पण कोबॉलमध्ये रकमेचं फील्ड ब्लँकशी ताडायला कंपायलर परवानगी देत नाही, म्हणून ती तुलना ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवली होती. रात्री दोनवाल्या माणसाला मी उगाच नावं ठेवली होती. असेंब्लरला त्या चार बाइटांत रक्कम आहे की अक्षरं याच्याशी देणंघेणं नाही. बेरजेची सूचना दिली की रक्कम, तुलनेची दिली की अक्षरं. कोबॉलला आधी सांगावं लागतं. शेवटी रीडिफाइन्स लावून त्याच चार बाइटांना दोन नावं दिली, एक रक्कम म्हणून, एक ‘रक्कम भरली आहे का’ बघण्यापुरतं.

(हाफवर्डचं थोडक्यात सांगते. दोन बाइटांत ३२७६७ पर्यंत आकडा मावतो, पण कोबॉलमध्ये चार अंकी बायनरी म्हणून जाहीर केला तर कंपायलरच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ती चारच अंक ठेवते. १२००० चे गुपचूप २००० होतात. ना ॲबेंड, ना इशारा. त्या जागी कॉम्प-५ हा प्रकार लिहायचा. हे शिकायला माझी एक संध्याकाळ गेली, तुमची जाऊ नये.)

पॅरलल रन सुरू झाला. रोज तीच फाइल दोन्ही प्रोग्रॅमना द्यायची आणि बाहेर आलेल्या दोन फाइली बाइटला बाइट लावून बघायच्या. सलग नऊ दिवस फरक शून्य. दहाव्या दिवशी काही नोंदींत व्याजाच्या शेवटच्या अंकात एकाचा फरक. जुना म्हणे १२.३५, नवा म्हणे १२.३४.

हाताने केलं. सहा दशांशांपर्यंत आकडा येत होता १२.३४४९५०. दोन दशांशांपर्यंत पूर्णांकन केलं तर १२.३४ च यायला हवं, कारण तिसरा अंक चार. नवा बरोबर. जुना कसा चुकला? असेंब्लरमध्ये एसआरपी नावाची सूचना आहे, ३७० च्या काळात आलेली. आकडा उजवीकडे सरकवते आणि सांगितलंत तर पाच धरून पूर्णांकनही करते. जुन्या प्रोग्रॅममध्ये ती एकापाठोपाठ एक दोनदा होती, दोन्ही वेळा दोन-दोन घरं. पहिल्या वेळी १२.३४४९५० चे झाले १२.३४५०. दुसऱ्या वेळी त्या पाचाला पाहून १२.३५. एकदाच चार घरं सरकवलं असतं तर हे झालं नसतं.

मी ही चूक म्हणून कळवली. थोडी खुशीतच, हे कबूल करते. ग्राहकाकडून उत्तर आलं ते थंडगार: आजवर सगळे हिशोब याच पद्धतीने गेले आहेत, ताळे याच आकड्यांशी जुळतात, जसं आहे तसं ठेवा.

त्यांचंही बरोबर होतं. पण जसं आहे तसं ठेवायला कोबॉलमध्ये मधली पायरी लिहावी लागते. चार दशांशांचं एक फील्ड, त्यात एकदा राउंडेड, मग तिथून पुढे पुन्हा राउंडेड. आणि फील्ड म्हटलं की नाव. असेंब्लरमध्ये ही चूक एकाखाली एक दोन सारख्या दिसणाऱ्या ओळींत लपून जायची, नजर पडली तरी कुणाला काही खटकू नये अशी. इथे तिला पाटी लावायची होती. मी ‘व्याज-चार-दशांश’ असं सोज्वळ नाव दिलं. काकांनी ते खोडून ‘व्याज-पहिलं-पूर्णांकन’ केलं. “पहिलं म्हटलं की वाचणारा दुसरं शोधतो,” म्हणाले. “शोधू दे.”

रजिस्टर पाचचं त्या आधीच सुटलं होतं. सबरूटीनमध्ये दोन तारखा जायच्या आणि पाचमध्ये आकडा यायचा. दोन तारखांमधले दिवस, हे तर उघड होतं. पण जुळत नव्हते. काकांनी सांगितल्याप्रमाणे चौकोन काढून मी २८ फेब्रुवारी ते १ मार्च चालवून बघितलं. लीप वर्ष नव्हतं, म्हणजे एक दिवस. पाचमध्ये आले तीन. ३१ जानेवारी ते १ मार्च केलं. कॅलेंडरप्रमाणे एकोणतीस, पाचमध्ये एकतीस. मी तिसऱ्यांदा बेरीज तपासत होते तेव्हा काका मागे उभे राहून म्हणाले, “त्याला फेब्रुवारी माहीतच नाही.” आणि लख्ख प्रकाश पडला. प्रत्येक महिना तीस दिवसांचा, वर्ष तीनशे साठचं. व्याजाच्या हिशोबातली जुनी रीत. एकतीस तारीख आली की ती तीस धरायची. फेब्रुवारीच्या अठ्ठावीसनंतर एकोणतीस आणि तीस हे दोन दिवस कुठेच नसतात, पण हिशोबात असतात. ‘दिवस-तीसच्या-महिन्याने’ असं त्या फील्डचं इंग्रजीत नाव केलं, सव्वीस अक्षरांत बसलं.

काका त्या प्रोग्रॅमच्या बारशाला जेवलेले नव्हते. त्यांनीही तो कुणाकडून तरी घेतला होता. त्यामुळे एका ठिकाणी तेही अडले.

नोंदीत एक बाइट होता झेंड्यांचा. आठ बिट, आठ झेंडे. सातांचा छडा लागला. आठवा, हेक्स ०८ चा, एकाच ठिकाणी तपासला जायचा: तो चालू असेल तर नोंद वगळा. शेजारी टिपण होतं, ‘मेमो पाहा’. मेमो कुठेच नव्हता. हा बिट चालू करणारा प्रोग्रॅम आम्ही सगळ्या लायब्ररीत शोधला. एकही नाही. प्रत्यक्ष फाइलमध्ये तो तीन नोंदींवर चालू होता. तिन्हींत दुसरं काही समान नव्हतं. काका म्हणाले, हातानेच केला असणार, त्याच सुपरझॅपने. का, ते सांगता येईना.

कोबॉलमध्ये बिटाला सरळ हात लावता येत नाही. बाइट एका बायनरी फील्डच्या शेवटच्या घरात ठेवून दोनाने भागत जावं लागतं आणि दर वेळची बाकी झेंडा म्हणून उचलावी लागते. तेवढं केलं. आठवा झेंडाही उचलला, त्याला ८८ लेव्हल लावली. नावासाठी सगळे पर्याय सुचवून झाले: ‘खास’, ‘वगळ’, ‘राखीव’. प्रत्येकात आपल्याला काहीतरी माहीत असल्याचा आव होता. शेवटी मी ‘कारण-माहीत-नाही’ असं रोमन अक्षरांत टाइप केलं आणि रिव्ह्यूला पाठवलं. कुणी हरकत घेतली नाही. मला वाटतं, अर्थ कुणी विचारलाच नाही. सोबत एक ओळ जास्तीची घातली, जुन्या प्रोग्रॅममध्ये नसलेली: शेवटी लॉगमध्ये अशा किती नोंदी वगळल्या तो आकडा.

नवा प्रोग्रॅम प्रॉडक्शनला गेला. काका निवृत्त झाले. रोजच्या रनच्या लॉगमध्ये ती ओळ यायची, वगळलेल्या नोंदी ३. पुढच्या महिन्यात ३. त्याच्या पुढच्या महिन्यातही ३.

मागच्या महिन्यात तिथे ४ होते.